फुरसत ही चैन नव्हे : घाटघरच्या चार दिवसांतून निघालेले काही मुद्दे

आपल्या चळवळीत 'मी थकले' असं उघडपणे म्हणायची सोय नाही. म्हटलंच, तर समोरून ठरलेलं उत्तर येतं : बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुम्हाला एवढ्यात थकवा आला? या उत्तरापुढे कोणाचंच काही चालत नाही. मग कार्यकर्ता गप्प बसतो, रात्री दोनला व्हॉट्सॲपवर उद्याच्या मोर्चाचा निरोप टाकतो आणि सकाळी सातला पुन्हा वस्तीत हजर होतो. पाच-सात वर्षांनी तो एक दिवस दिसेनासा होतो. नोकरीत जातो, आजारी पडतो, दारूत जातो, नाहीतर समोरच्या पक्षात जातो. आपण म्हणतो, 'फितूर झाला.' काही जण खरोखरच फितूर होतात. पण काही जण फक्त थकलेले असतात, आणि थकल्याचं सांगायला त्यांना जागा नसते.

मी नऊ वर्षं पुण्यात कचरावेचक आणि सफाई कामगार बायकांमध्ये काम करते. त्यांच्या मुलाखतींच्या चौदा वह्या माझ्याकडे साठल्या आहेत. त्यातून एक पुस्तक व्हावं असं ठरून तीन वर्षं झाली होती आणि लिहून झालेली पानं होती अकरा. म्हणून या ऑक्टोबरात, वर्षावासाच्या शेवटच्या आठवड्यात, मी चार दिवसांची रजा काढली आणि एकटीच जुन्नर तालुक्यातल्या घाटघरला गेले. जाण्याआधी आपल्याच माणसांकडून तीन आक्षेप आले. पहिला : हे साहित्यिकांचे चोचले आहेत, आपल्या माणसाला हे परवडत नाही. दुसरा : बुद्धाने जंगल सोडून माणसांत यायला शिकवलं, तू माणसं सोडून जंगलात निघालीस. तिसरा : एकटी बाई कशी राहणार? हे तिन्ही आक्षेप चळवळीतल्या प्रामाणिक माणसांचे आहेत. म्हणून त्यांची उत्तरं सविस्तर द्यायला हवीत.

आधी तिसऱ्याचं, कारण त्याने जाण्यापूर्वीच गाठलं. घाटघर ठरण्याआधी मी त्याच भागातल्या एका राहण्याच्या ठिकाणी फोन केला होता. खोली आहे म्हणाले. मग आडनाव विचारलं, मी सांगितलं. मग 'किती जण आहात?' असं विचारलं, 'एकटी' म्हणाले. त्यानंतर खोली नव्हती. खोली आडनावाने गेली की एकटेपणाने, हे मला कळायला मार्ग नाही. आपल्या बाईच्या बाबतीत हे दोन प्रश्न इतके गुंतलेले असतात की वेगळे करता येत नाहीत. एकांताला जायचं तर आधी कोणीतरी दार उघडावं लागतं, आणि दार कोणासाठी उघडतं हे या देशात जात ठरवते.

याचा पुरावा बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात बडोद्याचा प्रसंग आहे. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेला हा तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेला. कुठेही जागा मिळेना, तेव्हा एका पारशी सरायीत नाव बदलून राहिला. सरायीत दुसरं कोणीही नव्हतं. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानाने भरलेली मोठी खोली, एक कंदील आणि पुस्तकं. त्यांचा भाचा राहिलेलं सामान घेऊन आला आणि ती अवस्था पाहून रडू लागला, म्हणून त्याला लगेच परत पाठवावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. वरवर पाहिलं तर काय होतं तिथे? शांतता होती, पुस्तकं होती, त्रास द्यायला माणूस नव्हता. लेखकाच्या एकांताचं सगळं साहित्य हजर होतं. पण तो एकांत नव्हता, तो बहिष्कार होता.

याच लेखनात १९३४ ची एक सहलही आहे. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळकडे जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काहींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले. त्यावरून 'हौद बाटवला' म्हणून लोक धावून आले. शेवटी किल्ल्यात सोडलं, तेही पाण्याला कुठे हात लागू नये म्हणून एक शिपाई बरोबर देऊन. आज आपली पोरं दर रविवारी गड चढतात, पावसाळ्यात नाणेघाटात फोटो काढतात. त्यांनी हा प्रसंग एकदा वाचावा. निसर्ग सगळ्यांचा असतो, पण निसर्गाच्या दाराशी हौद असतो आणि हौदापाशी जात उभी असते.

म्हणून आपल्या समाजाने एकांत आणि बहिष्कार यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. गावकुसाबाहेरची वस्ती शांत असते, वाहता रस्ता तिथून जात नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्याला हे एकटेपण सक्तीने दिलं गेलं, आणि बाबासाहेबांनी १९२७ मध्ये काढलेल्या पाक्षिकाच्या नावातच ते आलं : 'बहिष्कृत भारत'. ज्याला दुसऱ्यांनी बाहेर ठेवलं आहे त्याला 'चार दिवस बाहेर जा, बरं वाटेल' असं सांगणं हास्यास्पद आहे. आपण घोळक्याने राहतो, घोळक्याने प्रवास करतो, यात भित्रेपणा नाही. तो अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. एकट्याला गाठलं जातं हे आपल्याला माहीत असतं. तेव्हा आपल्या माणसाने, विशेषतः आपल्या बाईने, स्वतःच्या इच्छेने एकटं राहणं आणि सुरक्षित परत येणं हीच मुळात हक्काची गोष्ट आहे. पाणवठा हा जसा हक्काचा प्रश्न होता, तसाच हाही आहे.

घाटघर सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहे. जुन्नरहून एसटी पश्चिमेला निघते, चावंडचा किल्ला मागे पडतो, आणि रस्ता संपत आला की जीवधनचा कडा समोर उभा राहतो. पलीकडे नाणेघाट, आणि घाटाखाली मुरबाड तालुका. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आदिवासींची. मी एका घरी पैसे ठरवून राहिले. घरातल्या मावशींनी पहिलाच प्रश्न विचारला, "एकटीच आलीस? घरात भांडून आलीस का?" मी म्हटलं, "नाही मावशी, लिहायला आले." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी 'बौद्ध' म्हणाले. त्या म्हणाल्या, "जयभीमवाले का?" मी 'हो' म्हटलं आणि थांबले. त्या क्षणाची वाट पाहण्याची आपल्या अंगाला सवय असते. त्या म्हणाल्या, "चहात साखर किती टाकू?" एका घरावरून गावाचा आणि एका गावावरून समाजाचा निकाल लावू नये, एवढं समाजशास्त्र मी शिकले आहे. पण त्या रात्री मला झोप चांगली लागली हेही खरं.

आता पहिला आक्षेप. लेखकाने रानात जाऊन राहणं ही चैन आहे का? ज्या पद्धतीने ती सहसा केली जाते आणि लिहिली जाते, त्या पद्धतीने पाहिलं तर आहे. अशा लेखनात एक शब्द हमखास येतो : 'निर्मनुष्य'. शहरातला लेखक रानात जातो, त्याला तिथे पाखरं दिसतात, धुकं दिसतं, सोनकीची पिवळी फुलं दिसतात, माणूस मात्र दिसत नाही. घाटघरात मी पहाटे पाचला जागी झाले, तेव्हा मावशी चूल पेटवून पाण्याला निघाल्या होत्या. हळवा भात कापणीला आला होता. त्या दिवसभर खाचरात वाकलेल्या असायच्या आणि संध्याकाळी माझ्यासाठी भाकरी थापायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला याच बायका हिरड्याच्या झाडांखाली बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. पावसाळ्यात एवढं पाणी कोसळणाऱ्या या पट्ट्यात उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं. शेतीचं काम संपलं की अनेक जण पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात मजुरीला उतरतात. नारायणगावात मजुरांचा अड्डा भरतो, तिथे सकाळी उभं राहून दिवसाचा भाव ठरतो. ज्या रानाला पाहुणा 'निर्मनुष्य' म्हणतो, ते कोणाचं तरी कामाचं ठिकाण असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने हीच गोष्ट मान्य केली : इथे माणसं आधीपासून राहत होती आणि त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला.

रान हे विसाव्यासाठी असतं ही कल्पनाही ठराविक वर्गाचीच आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे होनाजी केंगले १८७० च्या दशकात सावकारशाहीविरुद्ध उठले, तेव्हा त्यांनी याच डोंगरांचा आसरा घेतला. त्यांना या झाडीत विश्रांती हवी नव्हती, जीव वाचवायचा होता. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. एकांताबद्दल जगात कुठेही बोलणं निघालं की त्याचं नाव येतं. पण ती जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती आणि गाव चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच रानात त्याच्या आधी गुलामीतून सुटलेले काळे लोक राहून गेले होते, कारण गावात त्यांना जागा नव्हती. थोरोने आपल्या पुस्तकात त्यांची नावं नोंदवली, हे त्याचं श्रेय. एकाच रानात एकाचा एकांत आणि दुसऱ्याचा बहिष्कार, दोन्ही झाले.

मग काय, हे सगळं सोडून द्यायचं? इथे मला बाबासाहेबांचा एक युक्तिवाद महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांचं काय केलं याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाची चिकित्सा केली आहे. यंत्र नको, निसर्गाकडे परत चला, साधं जगा, या विचारावर त्यांचा मुख्य आक्षेप असा : माणूस आणि जनावर यांत फरक आहे तो संस्कृतीचा, आणि संस्कृतीला फुरसत लागते. दिवसभर शरीर मोडेपर्यंत राबणाऱ्याला विचार करायला वेळ कुठून मिळणार? यंत्र माणसाला ती फुरसत देऊ शकतं. म्हणून लोकशाही समाजाने यंत्र नाकारायचं नसतं, त्याचा फायदा सगळ्यांना मिळेल अशी समाजव्यवस्था उभी करायची असते. फुरसत थोड्यांकडे आणि कष्ट बाकीच्यांकडे, ही तर जातीव्यवस्थेचीच रचना आहे. एका वर्णाला अध्ययनाचा वेळ मिळावा म्हणून उरलेल्यांनी राबायचं, हेच तर मनूचं वेळापत्रक आहे.

बाबासाहेब हे लिहूनच थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. कारखाना कायद्यात १९४५ साली पगारी रजेची तरतूद झाली, आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यामागे त्यांचं काम आहे. आठ तासांचा दिवस आपण भाषणात अभिमानाने सांगतो. पण त्या आठ तासांचा दुसरा अर्थ असा की उरलेले सोळा तास कामगाराचे स्वतःचे आहेत, आणि पगारी रजा ही भीक नाही, कमावलेला हक्क आहे. ज्यांनी आपल्यासाठी रजेचा कायदा केला, त्यांच्याच अठरा तासांचा दाखला देऊन आपण एकमेकांची रजा नाकारतो. हा विरोधाभास आहे की नाही?

बाबासाहेब स्वतःही सदासर्वदा गर्दीत नव्हते. राजगृह बांधताना त्यांनी ग्रंथालयाचा विचार आधी केला. याच पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडेला त्यांचं निवासस्थान होतं, तिथे ते विश्रांतीला आणि लेखन-वाचनाला येत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या आजारपणाचा उल्लेख केला आणि माईसाहेबांनी आणि डॉक्टर मालवणकरांनी आपल्याला जगवल्याचं सांगितलं. म्हणजे लिहिणाऱ्या माणसाच्या एकांतामागे कोणाचे तरी कष्ट असतात, हे त्यांनी नाव घेऊन मान्य केलं. मला यात चैनीच्या आक्षेपाचं उत्तर दिसतं. एकांत घेण्यात गैर काही नाही. तो कोणाच्या कष्टावर उभा आहे हे लपवण्यात गैर आहे. तिसऱ्या दिवशी मी मावशींना म्हटलं, "मी पण येते कापायला." त्या हसल्या. "तू तुझं काम कर, मी माझं करते." माझं लिहिणं हे काम आहे, असं नऊ वर्षांत मला कोणी इतक्या सहज म्हटलं नव्हतं.

दुसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, कारण तो धम्माच्या नावाने आला आहे. बुद्धाने अरण्यातली तपश्चर्या सोडली हे खरं. सहा वर्षं देह झिजवून काही साधलं नाही, हे त्यांनी स्वतः तपासून पाहिलं आणि सोडलं. पण सोडलं ते काय? देहदंड सोडला. एकांत सोडला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये एक साधा तपशील दिला आहे, जो मला फार आवडतो : बोधिवृक्षाखाली ध्यानाला बसण्यापूर्वी गौतमाने चाळीस दिवस पुरेल एवढं अन्न जमवून ठेवलं. उपाशी राहून प्रकाश दिसेल अशी अपेक्षा नाही. शिधा मोजून घेतला, वेळ ठरवला, प्रश्न समोर ठेवला आणि विचार केला. यात चमत्कार कुठे आहे? अभ्यासाला बसण्याची ही रीत आहे.

वर्षावासाची कथाही अशीच जमिनीवरची आहे. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू कोवळं गवत आणि पिकं तुडवतात, लहान जीव पायाखाली येतात, अशी लोकांनी तक्रार केली. ती मान्य करून आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहण्याचा नियम झाला. म्हणजे बौद्धांचा सगळ्यांत मोठा विसावा लोकांच्या तक्रारीतून निघाला. राहायचं कुठे, याचीही कसोटी विनयात आहे. बिंबिसाराने वेळुवन दान दिलं, तेव्हा त्याने जागेचा विचार असा केला : गावापासून फार दूर नको, फार जवळ नको, लोकांना येता-जाता यावं, दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. घाटघरला मोबाईलची रेंज ये-जा करत होती आणि एसटी दिवसातून येत होती. मला वाटलं, ही कसोटी इथे बरीचशी पुरी होते.

आणि मौनाचं काय? हल्ली मौनाची शिबिरं फार आहेत, आपले तरुणही जातात. तिथे जाऊन आलेल्यांनी महावग्गातली एक कथा वाचावी. कोसल देशातल्या काही भिक्खूंनी ठरवलं की पूर्ण वर्षावास एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही. भांडण नको, त्रास नको. आधी येईल त्याने आसन मांडावं, पाणी ठेवावं, मदत हवी असेल तर हाताने खुणावावं. तीन महिने असे काढून ते मोठ्या समाधानाने बुद्धाकडे गेले. बुद्धाने त्यांची कानउघाडणी केली : तुम्ही गुरांसारखे, मेंढरांसारखे एकत्र राहिलात आणि त्याला सुख म्हणता? त्यातूनच पवारणेचा नियम आला. वर्षावास संपला की प्रत्येक भिक्खूने संघापुढे उभं राहून म्हणायचं : माझ्याबद्दल जे पाहिलं, ऐकलं किंवा शंकेने मनात आलं, ते सांगा, मी सुधारेन. म्हणजे बुद्धाच्या व्यवस्थेत एकांताचा शेवट शांततेत होत नाही, टीका ऐकण्यात होतो. एकांतात काय केलंस याचा हिशेब संघाला द्यायचा असतो.

भिक्खू नेमका कशासाठी, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच विचारला आहे : स्वतः परिपूर्ण होण्यासाठी, की समाजाची सेवा करण्यासाठी? फक्त स्वतः परिपूर्ण होणारा माणूस त्यांना स्वार्थी वाटला. मी सामाजिक कार्यकर्ती आहे, त्यामुळे हा प्रश्न मला थेट लागू होतो. मी घाटघरहून फक्त ताजीतवानी होऊन आले असते, तर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी नाणेघाटात गेले. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा व्यापार याच वाटेने जुन्नरला चढत असे. तिथल्या गुहेत सातवाहन राजघराण्याचा ब्राह्मी लेख आहे, तो राणी नागनिकेचा मानला जातो. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब : गायी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे कोरलेले होते. त्यांचे आता खालचे अवशेष आणि वरची नावं उरली आहेत.

परतताना लेण्याद्रीला थांबले. जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत आणि ती बौद्ध आहेत. लेण्याद्रीचं सातवं लेणं, जिथे आज अष्टविनायकांपैकी एक गणपती आहे, ते मुळात विहार आहे. त्या विहाराला वीस खोल्या आहेत. रांगेतले भाविक त्या खोल्यांकडे बघत नाहीत, म्हणून मी मुद्दाम बघितल्या. एकाला पुरेल एवढी खोली, तिला एक दार, आणि प्रत्येक दार एकाच मोठ्या दालनात उघडतं. आत गेलं की एकांत, बाहेर पाऊल टाकलं की संघ. एकांत की समाज, असा जो वाद आपण घालतो, तो त्या कोरणाऱ्यांनी कधीच मिटवून ठेवला होता.

आणि ही लेणी कोणाच्या पैशाने झाली? सातवाहनांनी भिक्खूसंघालाही दान दिलं, नाशिकचे लेख ते सांगतात. पण जुन्नरच्या लेखांत दाते म्हणून दिसतात ते बहुतेक साधे लोक. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. यवनांनी, म्हणजे परदेशातून येऊन इथे स्थायिक झालेल्यांनी, टाकी आणि भोजनमंडप दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. नाणेघाटात राजा ब्राह्मणांना दक्षिणा देतो. तिथून काही कोसांवर व्यापारी, कारागीर आणि परके लोक भिक्खूंच्या एकांताचा खर्च उचलतात. कष्टकऱ्यांनी विचार करणाऱ्याला तीन महिने निवारा द्यायचा आणि विचार करणाऱ्याने त्याचं फळ त्यांच्याकडे परत आणायचं, असा हा करार होता.

बांबूकामाचा उल्लेख वाचला की मला उर्मिला पवार आठवतात. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'आयदान'. आई बांबूच्या टोपल्या विणायची, आणि ते विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं त्यांनी सांगितलं आहे. मध्ये दोन हजार वर्षं गेली. ज्या हातांच्या श्रेणीवर कधी संघ विश्वासाने ठेव ठेवत असे, त्या हातांचं काम पुढे जातीव्यवस्थेने हलकं ठरवलं, आणि त्यांच्या लेकींना लिहायला स्वतःची खोली उरली नाही. बेबीताई कांबळे यांनी फलटणला किराणा दुकान चालवताना पुड्या बांधायच्या रद्दीतून वाचन केलं आणि 'जिणं आमुचं'चं लिखाण कित्येक वर्षं घरात लपवून ठेवलं. अण्णाभाऊंनी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिलं. आपण हे अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवं. पण त्याचबरोबर हेही विचारायला हवं : त्यांना फुरसत मिळाली असती, तर आणखी काय-काय लिहिलं गेलं असतं? किती बेबीताईंच्या वह्या सापडल्याच नाहीत? माझ्या वहीतली एक सफाई कामगार बाई म्हणते की आयुष्यात ती एकटी, काम न करता पडून राहिली ती फक्त दवाखान्यात, ऑपरेशननंतर. आजारी पडल्याशिवाय आपल्या बाईला एकांत मिळत नाही. या अवस्थेचं कौतुक करणं आता आपण थांबवायला हवं.

मित्रांनो, म्हणून काही ठोस प्रस्ताव मांडते. एक, आपल्या संघटनांनी पूर्णवेळ कार्यकर्त्यांना वर्षातून ठरावीक दिवस पगारी रजा द्यावी आणि त्या दिवसांत त्यांना फोन करू नये. बाबासाहेबांनी गिरणी कामगारासाठी जे मागितलं, ते आपण आपल्याच कार्यकर्त्याला नाकारू नये. दोन, गावोगावच्या बुद्धविहारांत एक छोटी खोली अशी असावी की जिथे परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी किंवा लिहिणारा कार्यकर्ता दार लावून बसू शकेल. बहुतेक विहारांत ध्वनिक्षेपकासाठी कपाट आहे, अशी खोली नाही. तीन, रानात जायचं तर आदिवासींच्या घरी, ठरलेले पैसे देऊन, त्यांच्या कामाचा मान राखून जावं, आणि त्यांच्या हिरड्याच्या, पाण्याच्या, वनहक्काच्या लढ्यात हाक येईल तेव्हा उभं राहावं. चार, परत आल्यावर पवारणा करावी. एकांतात जे लिहिलं, जे सुचलं, ते आपल्या माणसांपुढे ठेवावं आणि त्यांची टीका ऐकून घ्यावी.

माझी आता एकोणचाळीस पानं झाली आहेत. येत्या रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या विहारात ज्यांच्या मुलाखती आहेत त्याच बायकांपुढे ती वाचणार आहे. काय चुकलं, काय राहिलं, काय छापू नये, हे त्या सांगतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं.

जय भीम!